वाचकांचे प्रश्न : गाडी रुसते म्हणजे नक्की काय करते?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की तुम्ही तुमच्या गाडीला काय म्हणता, तिच्याबद्दल घरात कसं बोलता, लिहून पाठवा. पत्रांचा ढीग आलाय. निम्म्या पत्रांत गाडी कमी आणि घरच्या माणसांची तक्रार जास्त आहे, त्याला माझा इलाज नाही. एका गृहस्थांनी गाडीचा समोरून काढलेला फोटो पाठवून "हिचा स्वभाव कसा वाटतो" असं विचारलंय, त्यांनी पहिलंच उत्तर वाचावं. बाकीच्यांची पत्रं थोडी कापून घेतलीयत, राग मानू नका.

काका, आमचे हे गाडीशी बोलतात. म्हणजे खरंच बोलतात. सकाळी निघताना बॉनेटवर थाप, घाट चढताना "चल गं राणी, थोडंच राहिलंय", आणि पोचल्यावर डॅशबोर्डवरून हात फिरवून "शाब्बास". मला इतक्या वर्षांत एकदाही राणी म्हणालेले नाहीत. हे नॉर्मल आहे का? — बाजूच्या सीटवरून

वहिनी, गाडीपुरतं नॉर्मल आहे, तुमच्यापुरतं नाही. दुसऱ्या भागाबद्दल त्यांच्याशी तुम्हीच बोला.

गाडीशी बोलणारे तुमचे हे काही एकटे नाहीत. जपानी भाषेत स्वतःच्या गाडीसाठी 'आयशा' असा शब्दच आहे, आय म्हणजे प्रेम आणि शा म्हणजे गाडी, आणि तो कुणी लाजून वापरत नाही, तिथं तो रोजचा शब्द आहे. रशियन ड्रायव्हर लाडात आला की गाडीला 'लास्तोच्का' म्हणतो, म्हणजे पाकोळी. इटलीत १९३६ साली एक चिमुकली फियाट आली तिला लोकांनी तोपोलिनो म्हणजे उंदरू म्हणायला सुरुवात केली आणि आजही ती त्याच नावानं ओळखली जाते, जर्मन लोकांनी फ्रेंचांच्या सित्रोएन टू सीव्हीला बदक करून टाकलं. आणि फोक्सवॅगनची ती पाठीला बाक असलेली गाडी तर भुंगा म्हणूनच जगभर फिरली, २००३ साली मेक्सिकोत शेवटची बनली तोवर दोन कोटींच्या वर भुंगे रस्त्यावर येऊन गेले होते. उंदीर, बदक, पाकोळी, भुंगा… बघा, लाडाच्या नावात वाघसिंह फारसे सापडत नाहीत. वाघसिंह कंपनीवाले ठेवतात.

का होतं असं? पहिलं कारण अगदी समोरच आहे, गाडीला तोंड असतं. दोन दिवे म्हणजे डोळे, खालची जाळी म्हणजे तोंड, आणि आपल्या मेंदूला कुठंही दोन टिंबं आणि त्याखाली एक रेघ दिसली की त्याला चेहरा दिसल्याशिवाय राहवत नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००८ साली लोकांना गाड्यांचे समोरचे भाग दाखवून ही कशी वाटते, रागीट, लहान, दबंग, आनंदी, असं विचारलं होतं तर लोकांची उत्तरं बऱ्यापैकी जुळली. बसकी, रुंद, बारीक चिरल्यासारखे दिवे असलेली गाडी दबंग आणि मोठ्या वयाची वाटते, आणि पुढची काच मोठी म्हणजे कपाळ मोठं असलेली गाडी पोरासारखी वाटते. (फोटोवाले गृहस्थ, तुमची दुसऱ्या प्रकारातली आहे. स्वभावानं गरीब दिसते.)

दुसरं असं की गाडी उत्तर देते. कपाट देत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ घेते, चुकीचा गिअर पडला की कुरकुरते, ओव्हरलोड केली की मागून बसते. माणूस आठ तास एकटा ज्या गोष्टीसोबत असतो आणि जी त्याच्या प्रत्येक हालचालीला आवाज करून उत्तर देते तिच्याशी तो बोलणारच ना. म्हणून त्यांना थांबवू नका. त्यापेक्षा एक गंमत करा, ते गाडीला काय बोलतात त्यापेक्षा गाडीबद्दल मित्रांना काय सांगतात ते ऐका. समोर राणी, आणि मित्रांत? "काल साडेचार तासात मारली." "हायवेला हाणली नुसती." "दामटली, ताणली, पिदडली." आपल्या मराठीत गाडी चालवण्याची निम्मी क्रियापदं मारहाणीचीच आहेत. हाकणं, दामटणं हे बैलघोड्यांच्या काळातून आलंय हे कळतं, पण राणी म्हणायचं आणि मग हाणली म्हणायचं, हे कुठलं प्रेम! तुमच्या ह्यांना विचारा एकदा माझ्या वतीनं.

काका, मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. मी म्हणालो गाडी रुसलीय तर हसते. म्हणते बाबा, मशीन रुसत नाही, फॉल्ट असतो. पण आमची जुनी कार्बोरेटरवाली गाडी मी गोड बोलल्यावर चालू व्हायची, शप्पथ सांगतो, बरेचदा. तुम्हीच निकाल द्या. — हट्टी बाप

निकाल दोघांच्या बाजूनं. आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या गाडीत काय व्हायचं, सकाळी चालू होत नाही म्हणून माणूस चोक ओढून सेल्फवर सेल्फ मारायचा, ॲक्सिलरेटर पंप करायचा, त्यानं सिलिंडरमध्ये पेट्रोल नको तेवढं जायचं आणि स्पार्क प्लग ओला व्हायचा. ओल्या प्लगला ठिणगी नीट पडत नाही. मेकॅनिक म्हणायचे 'गाडी ओव्हर झाली' किंवा 'फ्लड झाली'. आता यावर उपाय काय तर काहीही न करणं. दहा मिनिटं थांबायचं, पेट्रोल उडून जातं, प्लग सुकतो, मग ॲक्सिलरेटर न खुपसता शांतपणे सेल्फ मारला की चालू. आणि त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करत होतात? गोड बोलत होतात! म्हणजे समजूत काढण्याचा उपयोग झाला, फक्त शब्दांचा नाही, थांबण्याचा झाला.

उन्हाळ्यातलं रुसणंही तसंच. इंजिन तापलेलं, गाडी उभी केली, पेट्रोलची नळी इंजिनजवळून जायची, तिच्यातलं पेट्रोल उकळून वाफ व्हायची आणि पंप बिचारा वाफ ओढत बसायचा. याला व्हेपर लॉक म्हणतात. उपाय तोच, सावलीत उभी करा, ओलं फडकं टाका, जरा बसू द्या. बघा बरं, चिडलेल्या माणसाला आपण वेगळं काय करतो?

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या डब्याच्या, टोपणात ओल धरायची, कोरडं पुसलं की चालू. थंडीत बॅटरीचा जोर खरंच कमी होतो, आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणजे कमावणारा आजारी आणि खर्च वाढलेला. पूर्वीचे लोक यातलं काही न शिकता 'हिला थंडीत घाई चालत नाही' एवढं म्हणायचे आणि बरोबर वागायचे.

तेव्हा मुलीला सांगा की रुसणं हा फॉल्टच आहे, पण असा फॉल्ट जो घाई केल्यावर वाढतो आणि थांबल्यावर जातो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एवढ्या कमी अक्षरांत एवढं सांगणारा शब्द सापडला तर मला कळव म्हणावं.

फक्त एक. आता तुमच्याकडे फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर तिच्यावर हे गोड बोलणं चालणार नाही. तिथं पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर मोजतो, त्यामुळे ओव्हर होणं जवळजवळ संपलंच. ती चालू झाली नाही तर ती रुसलेली नाही, आजारी आहे. मुलीलाच बॉनेट उघडायला सांगा.

काका, गाडी ती, कार ती, रिक्षा ती, पण ट्रक तो, ट्रॅक्टर तो, डंपर तो. मोठं आणि ताकदीचं दिसलं की पुरुष का? माझा भाऊ गाडीला 'माझी हिरॉईन' म्हणतो तेव्हा डोकं फिरतं. — ड्रायव्हिंग शिकतेय

अगं, शंका रास्त आहे आणि उत्तर तुला आवडणार नाही. मराठीत मोठं ते पुल्लिंगी आणि त्याचंच धाकटं रूप स्त्रीलिंगी, अशी जुनी सवय आहे. दोर आणि दोरी, सुरा आणि सुरी, लोटा आणि लोटी. तसाच गाडा आणि गाडी! गाडी हा शब्दच मुळात गाड्याची धाकटी बहीण आहे. मग जे जे बाहेरून आलं आणि गाडीसारखं वाटलं, मोटार, कार, बस, जीप, ट्रेन, ते सगळं 'ती' झालं. इंजिन मात्र 'ते', विमानही 'ते', कारण यंत्र 'ते'. पण नियम फार ताणू नकोस, क्रेन अवाढव्य असूनही 'ती'च आहे आणि टेम्पो एवढासा असून 'तो'.

बाहेर काय चालतं बघ. जर्मनमध्ये गाडीच्या कंपनीचं नाव पुल्लिंगी वापरतात आणि मोटरसायकलचं स्त्रीलिंगी, म्हणजे तीच बीएमडब्ल्यू चार चाकांवर 'तो' आणि दोन चाकांवर 'ती'. इटलीत तर ऑटोमोबाईल तो की ती यावर बरीच वर्षं घोळ होता. शेवटी १९२० साली दानुन्झिओ या कवीनं फियाटच्या आन्येल्लींना पत्र लिहून निकाल दिला की ही स्त्रीच, कारण तिच्यात डौल आहे, चपळाई आहे, आणि वर बायकांत न सापडणारा एक गुण आहे म्हणे, संपूर्ण आज्ञाधारकपणा. तुझ्या भावाचे पूर्वज तिथपर्यंत पसरलेत बघ.

आता भावाला गप्प करायला एक गोष्ट देतो. कार्ल बेन्झनं १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं पण त्या तीन चाकी गाडीला विचारत कोण होतं, लोकांना विश्वासच नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था, नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर. तोवर एवढ्या लांब मोटार कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून लिग्रोइन म्हणजे डाग काढायचं द्रावण विकत घेतलं, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली, वायर उघडी पडली तर तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला, आणि लाकडी ब्रेक झिजले म्हणून चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. म्हणजे जगातला पहिला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बाई, रस्त्यात गाडी दुरुस्त करणारा पहिला मेकॅनिकही तीच, आणि ब्रेकला लायनिंग लावायची कल्पनाही तिचीच. त्यामुळे कुणी 'हिरॉईन' म्हणाला तर तू एवढंच विचार, गाडी का चालवणारी?

नमस्कार. गाडीत आवाज येतोय हे मला कळतं पण गॅरेजमध्ये सांगताना फजिती होते. मी 'खर्र खर्र, मग मध्येच टुक' असं तोंडानं करून दाखवलं तर तिथली पोरं हसली. तांत्रिक भाषेत कसं सांगायचं? — लाजलेला

तोंडानंच सांगायचं! हसू द्या त्यांना. तांत्रिक भाषेत सांगायला गेलात तर 'सस्पेन्शन गेलंय' म्हणाल, ते सस्पेन्शन बदलून देतील आणि आवाज तसाच घरी येईल. आपल्याकडे खडखड, घरघर, कुरकुर, किणकिण, टकटक, फुसफुस, करकर अशा शब्दांची जी खाण आहे ती याच कामासाठी आहे, आणि प्रत्येक शब्दात आवाजाचा पोत असतो. हुशार मेकॅनिक 'कुठला पार्ट' असं विचारत नाही, तो विचारतो 'कसा येतो आणि कधी येतो'. कधी येतो हे सगळ्यात महत्त्वाचं, लोक तेच सांगत नाहीत.

माझ्या अनुभवातलं सांगतो. ब्रेक दाबल्यावर बारीक 'चीं' येत असेल तर पॅड संपत आलेत, बऱ्याच पॅडना मुद्दाम एक पातळ पत्री लावलेली असते, पॅड झिजलं की ती डिस्कला घासून ओरडते. म्हणजे तो आवाज बिघाड नाही, निरोप आहे. निरोप ऐकला नाही की 'चीं' जाऊन 'खर्र' येतं, तेव्हा लोखंडावर लोखंड घासतंय आणि डिस्कचा पण खर्च आला. मात्र रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकना खरखरली आणि मग गप्प झाली तर सोडून द्या, डिस्कवरचा वरवरचा गंज निघतोय.

स्टेअरिंग पूर्ण कापून हळू वळताना 'टक टक टक टक' आला आणि सरळ झाल्यावर गेला, तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही चाकाला ताकद पोचवणारा सांधा, बघायला सांगा, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं आणि आत धूळ गेलेली असते. सेल्फ मारल्यावर मशीनगनसारखं भराभर टकटकटकटक आणि इंजिन हलतच नाही, तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. एकच 'टक' आणि मग शांतता, तर संशय स्टार्टरवर. थंड गाडी चालू केल्या केल्या पिल्लासारखी 'चूंईंई' करून गप्प होते, तर बेल्ट. चढावर मोठ्या गिअरमध्ये जोर दिला की डब्यात खडे हलवल्यासारखा टणटण, ते नॉकिंग. सिलिंडरमध्ये ठिणगीनं लागलेली आग पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं आपोआप पेटतं, त्याचा दणका असतो तो. खालचा गिअर टाका आधी. खड्ड्यातच खडखड आणि चांगल्या रस्त्यावर काही नाही, तर लिंक रॉड, बुश, शॉकॲब्जॉर्बर यातलं काहीतरी.

आणि एक 'हुंऽऽऽ'. विमान लांबून जातंय तसा, वेग वाढला की वाढतो, गिअर काढून न्यूट्रल केली तरी तसाच, डावीकडे झुकलं की कमी आणि उजवीकडे झुकलं की जास्त किंवा उलटं. हे व्हील बेअरिंग, क्वचित वेडेवाकडे झिजलेले टायर. हा आवाज हळूहळू येतो म्हणून माणसाला त्याची सवय होते. माझ्या एका जुन्या गाडीत तो हुंकार मी चार महिने रस्त्याचा आवाज समजत होतो, रेडिओ मोठा केला की काम भागायचं, आणि एक दिवस पाहुणा मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला तुमची गाडी गुणगुणते छान. चाक काढलं तर बेअरिंगचा भुगा. तेव्हापासून महिन्यातून एकदा रेडिओ बंद, काचा खाली, आणि भिंतीच्या कडेनं हळू गाडी चालवतो, भिंतीवरून आवाज परत येतो आणि सगळं ऐकू येतं. हा उपाय फुकट आहे, करून बघा.

तर गॅरेजमध्ये एवढंच म्हणा, 'डावीकडून, पुढून, साठच्या वर, हुंऽऽ.' कुणी हसणार नाही. हसलं तर गॅरेज बदला.

डिकी, स्टेपनी, डॅशबोर्ड हे शब्द आले कुठून? आणि हॉर्सपॉवरमधला घोडा कुठला? — शब्दकोडेवाले आजोबा

आजोबा, पटापट सांगतो. डिकी हे गाडीच्या पाठीमागं उघड्यावर घडी उघडून बसायच्या जादा सीटचं नाव, आधी बग्गीत आणि मग सुरुवातीच्या मोटारीत. सीट गेली, जागा राहिली, नाव सामानाला चिकटलं. डॅशबोर्ड म्हणजे बग्गीच्या पुढं लावलेली फळी, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून. घोडा गेला, चिखल खाली राहिला, फळीवर आता स्क्रीन आहे. शोफर हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ आग पेटती ठेवणारा, वाफेच्या काळातला.

स्टेपनीची गोष्ट भारी आहे. आधी मोटारीत जादा चाकच नसायचं, पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उतरवून बसा. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली एकानं आऱ्या नसलेली, टायर फुगवून तयार असलेली रिम बनवली, जी पंक्चर चाकाला क्लॅम्पनं आवळून बसवायची. गल्लीच्या नावावरून कंपनी, कंपनीच्या नावावरून वस्तू. ब्रिटिश लोक तो शब्द विसरूनही गेले, आपण धरून बसलो. ब्राझीलवाले पण जादा चाकाला 'एस्तेपी' म्हणतात, तेही तिथूनच.

घोडा जेम्स वॅटचा. वाफेचं इंजिन विकायचं तर गिऱ्हाईकाला समजेल असं माप हवं, आणि गिऱ्हाईकाकडं घोडे होते. त्यानं हिशेब बांधला, एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम करतो, आजच्या मापात साधारण ७४६ वॅट. हे माप दिवसभर राबणाऱ्या घोड्याचं आहे, चवताळलेला खरा घोडा काही क्षणांपुरते पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत देऊ शकतो. म्हणजे घोड्यातच पंधरा घोडे!

काका, मागच्या महिन्यात मला एका गाडीनं धडक दिली, पाय मोडला. बातमी आली 'भरधाव गाडीने उडवले'. तो ड्रायव्हर पण म्हणतो 'गाडी कंट्रोल झाली नाही, ब्रेक लागले नाहीत'. गाडी, ब्रेक, कंट्रोल… माणूस कुठाय यात? — प्लास्टरमधून

आधी पाय सांभाळा.

तुम्ही जिथं बोट ठेवलंय तिथं मला पण खुपतं. गाडी जिवंत आहे असं बोलायचा एक तोटा आहे तो हाच. चांगलं झालं की 'मी' असतो, मी चार तासात आणली, मी अशी कट मारून काढली. वाईट झालं की लगेच ती होते, गाडी घसरली, गाडी अंगावर गेली, गाडीनं उडवलं. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच प्रवासात वाक्याचा कर्ता बदलतो. आणि गंमत बघा, मार बसला की तोच माणूस परत गाडी होतो, 'मला मागून ठोकलं', 'मी पंक्चर झालोय', 'मी त्या झाडाखाली लागलोय'. मी पंक्चर झालोय म्हणणाऱ्याला ओरखडा स्वतःच्या अंगावर जाणवतो, खरंच जाणवतो, पण दुसऱ्याला लागलं की अंग लगेच पत्र्याचं होतं.

ब्रेक लागले नाहीत म्हणतो ना तो, त्याबद्दल. ब्रेक खरंच निकामी होतात, नाही असं नाही. लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापतात, आतलं ब्रेक ऑईल उकळतं, वाफ दाबली जाते, पेडल सरळ खाली जातं. डॉट थ्री प्रतीचं नवं ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरलेल्या ऑईलसाठी हीच हद्द १४० वर येते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं आणि उतारावर खालचा गिअर ठेवायचा. यातलं काहीच न करता 'ब्रेक फेल झाले' म्हणणं म्हणजे ब्रेकनं स्वतःहून राजीनामा दिल्यासारखं झालं. आधी ऑईल कुणी बदललं नाही? पायाखाली ब्रेक कुणी तापवले? त्याला बोलताना वाक्य दुरुस्त करायला लावा. गाडीनं नाही उडवलं. तू उडवलंस.

बातमीवाल्यांनाही सांगतोय, 'भरधाव गाडीने' ऐवजी 'भरधाव गाडी चालवणाऱ्याने' लिहायला पाचच अक्षरं जास्त लागतात.

काका, सतरा वर्षांची गाडी काढली आणि इलेक्ट्रिक घेतली. सगळे खूश, मी सोडून. नवी गाडी छान आहे पण मुकी आहे, तिच्याबद्दल बोलायला शब्दच नाहीत. जुनी विकताना डोळ्यांत पाणी आलं तर पोरं म्हणाली बाबा, पत्रा आहे तो. — एक वाचक

पोरांना पत्रा वाटणारच, ती मागच्या सीटवर झोपून आली आणि तुम्ही जागे राहून आलात. सतरा वर्षं तुमच्या डाव्या पायाला माहीत होतं की हिचा क्लच कुठं धरतो. ते ज्ञान आता कुठं वापरणार? तुमच्या पायातच राहणार ते, नव्या गाडीत क्लच पण नाही. आपण म्हणतो ना, 'गाडीवर हात बसलाय', ते अगदी खरं आहे. कुणी दुसरा चालवायला बसला की त्याला ती गाडी अडखळते आणि आपण मनातल्या मनात खूश होतो.

मुकी म्हणालात ते मात्र पूर्ण बरोबर नाही. इलेक्ट्रिक गाडी इतकी शांत की चालणाऱ्यांना, विशेषतः न दिसणाऱ्यांना ती येतेय हे कळत नाही, म्हणून युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलना ताशी वीस किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये मुद्दाम आवाज काढणं सक्तीचं केलं. म्हणजे आधी शंभर वर्षं सायलेन्सर सुधारला आणि आता स्पीकर लावतोय! शब्दांचं म्हणाल तर ते येतीलच. 'पिकअप' या शब्दाला तरी सुरुवातीला कुठं अर्थ होता. आणि इलेक्ट्रिकवाले आत्ताच म्हणायला लागलेत की थंडीत हिची भूक वाढते, ते खोटं नाही, थंडीत बॅटरी कमी साथ देते आणि हीटरही तिच्यावरच चालतो.

जुनी गाडी नेताना घेणाऱ्यानं काय काय विचारलं असेल ते मला पाठ आहे, किती फिरलीय, किती हातांतून गेलीय, ठोकलीय का. तुम्ही खरं सांगितलं असणार असं पत्रावरून वाटतं. पण त्याला एक सांगायचं राहिलं असेल तर फोन करून सांगा. लांबून आल्यावर इंजिन बंद केलं की पुढून थोडा वेळ 'टिक… टिक… टिक' येतं, एक्झॉस्टचा तापलेला पत्रा गार होत आकसतो त्याचं. माणूस दमून आल्यावर बोटं मोडतो तसं. नवा माणूस घाबरून गॅरेजला नेईल. त्याला म्हणावं काही करू नको, दार लावून घरात जा, ती आपली आपण गप्प होते.